परवा, आमच्या गच्चीवर

"साहेब, बाहेर कुणीतरी मेलेलं घेऊन आलंय."

एकतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. आमचा शिपाई ते दारातूनच सांगायचा, पोस्टमन आल्याचं सांगावं तशा आवाजात. नव्याने रुजू झालेल्या एका कारकुनाने पहिल्याच दिवशी ते ऐकलं आणि हातातला चहा हजेरीपटावर सांडला. पुढे तो इतका रुळला की डबा खाता खाता "मुंगूस आहे का? ठेवा तिकडे, माझी एक पोळी राहिलीय" असं म्हणू लागला.

बाहेर बहुधा एखाद्या बाई उभ्या असत. हातात चपलांचं खोकं आणि खोक्यात वर्तमानपत्राच्या घडीत खिडकीच्या काचेवर आपटून मेलेला नवरंग. बाईंचे डोळे पाणावलेले. आपण काही बोलावं तर संवाद असा व्हायचा:

"कुठे सापडला?"

"आमच्या गच्चीवर."

"गच्ची कुठे?"

"म्हणजे? घराच्या वर."

"तसं नव्हे हो. गाव, पेठ, गल्ली?"

"अहो, दत्तमंदिराच्या मागे. कुणालाही विचारा."

"बरं, कधी सापडला?"

"परवा."

मराठीतला हा 'परवा' मोठा लबाड आहे. तो मागेही जातो आणि पुढेही. मागे किती जाईल याला तर धरबंदच नाही. "परवा आमच्या आत्या गेल्या" म्हणणारे गृहस्थ त्याच दमात वर्षश्राद्धाचं आमंत्रण देतात. आमच्या नोंदवहीत मात्र तारखेचा रकाना होता आणि त्यात 'परवा' लिहायची सोय नव्हती. मग मी बाईंना खुर्ची देत असे, चहा मागवत असे आणि दत्तमंदिर कोणतं, परवा म्हणजे एकादशीच्या आधी की नंतर, याचा तपास सुरू करत असे. त्यानंतर वनखात्याला पत्र, पंचनामा, पोच. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर मेलेला नवरंगही असाच कुणी ठेवून घेऊ शकत नाही, संग्रहालयसुद्धा नाही. एवढं सगळं होईपर्यंत नवरंग बर्फाच्या कप्प्यात वाट बघायचा. त्याला कुठे घाई होती?

माझा हुद्दा होता 'निसर्गशास्त्रज्ञ, पक्षी व सस्तन प्राणी विभाग'. हा हुद्दा ऐकून लोक पहिल्यांदा खूश व्हायचे. "वा! म्हणजे वाघांबरोबर काम!" मी सांगायचो की वाघ आहे, पण १९२८ सालचा आहे आणि त्याच्या पोटात गवत आहे. मग चेहरा पडायचा. सोसायटीच्या सचिवांनी तर एकदा सदस्यांच्या यादीत माझ्या नावापुढे 'व्यवसाय: पेंढा' एवढंच लिहिलं. जागा कमी होती म्हणे.

पेंढ्याचा हा गैरसमज एकदा दूर करतो. काचेच्या कपाटात फांदीवर बसलेले, काचेच्या डोळ्यांनी तुमच्याकडे बघणारे पक्षी ही दुकानाची दर्शनी बाजू. खरा माल आत, लाकडी खणांमध्ये असतो. तिथे पक्षी बसलेले नसतात, उताणे निजलेले असतात, रांगेने, लग्नघरातल्या सतरंजीवर पाहुणे झोपावेत तसे. पोटावर एक छेद द्यायचा, कातडं सोडवत जायचं, ओल टिपायला मक्याचं पीठ भुरभुरायचं, मोजा उलटा करावा तसं कातडं उलटं करायचं, मांस काढायचं, आतून टाकणखार चोळायचा, काडीला कापूस गुंडाळून भरायचा आणि शिवायचं. डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस. शेवटी पाय एकावर एक ठेवून दोऱ्याने बांधायचे आणि त्याच दोऱ्याला चिठ्ठी. आमच्या आधीचे लोक टाकणखाराऐवजी सोमलाचा साबण वापरत. किडे दूर राहत हे खरं, पण त्या पिढीने आपल्यासाठी ठेवलेला सोमल अजून त्या पक्ष्यांत आहे आणि शंभर वर्षांपूर्वीची घार हाताळायची तर हातमोजे चढवावे लागतात. जिवंतपणी तिने कुणाला एवढा धाक घातला नसेल.

मक्याचं पीठ मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून नेत असे. साहेबांकडे रोज मक्याची भाकरी होते, अशी त्याची कित्येक वर्षं समजूत होती. पोटाला हलकी असते ना, असं तो विचारायचा. मी हो म्हणायचो.

सस्तन प्राण्यांची गोष्ट वेगळी. त्यांची कवटी वेगळी काढून ठेवावी लागते, कारण उंदराची जात त्याच्या तोंडावरून कळत नाही, दातांवरून कळते. कवटी स्वच्छ करायला आम्ही सुकं मांस खाणारे बारीक भुंगेरे पाळायचो. तळमजल्यावर एका बंद पेटीत ते इमानेइतबारे काम करत. चिचुंद्रीच्या कवटीतली फट न् फट साफ करून देत आणि पगारवाढ मागत नसत. हेच भुंगेरे जिना चढून पहिल्या मजल्यावरच्या खणांत शिरले की वर्षभरात पक्ष्यांच्या रांगेची भुकटी करत. एकच प्राणी तळमजल्यावर कर्मचारी आणि पहिल्या मजल्यावर गुन्हेगार. सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही.

शनिवारी उशिरा आलेला माल सोमवारपर्यंत घरच्या फ्रीजमध्ये राहायचा. सौ.ने सुरुवातीला निषेध नोंदवला, नंतर अट घातली की डब्यावर स्पष्ट लिहायचं. मी लिहायचो: तांबट, नर, अमुक रस्ता, अमुक तारीख, गाडीच्या धडकेने. महिन्याभरात तिनेही सुरू केलं. "मटार. मंडई, मागचं दार. ३ जानेवारी. सोलले: सासूबाई." एवढी शास्त्रशुद्ध नोंद असलेला मटार महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. माझ्या हाताखाली आलेल्या उमेदवारांना मी पुढे तो डबा दाखवत असे.

कारण या धंद्यात सगळी किंमत त्या चिठ्ठीला आहे. ठिकाण, तारीख, नर की मादी, मोजमापं, कोणी मिळवला. चिठ्ठी तुटली की कोतवाल पक्ष्याचा काळा बोळा होतो. लोक विचारत, शंभर वर्षं अंडी आणि कातडी साठवून करायचं काय? इंग्लंडमध्ये डेरेक रॅटक्लिफ नावाच्या शास्त्रज्ञाने जुन्या संग्रहांतली बहिरी ससाण्याची अंडी वजन करून पाहिली आणि १९६७ साली दाखवून दिलं की १९४७च्या सुमारापासून अंड्यांची कवचं पातळ होत गेली आहेत. डीडीटीसारख्या कीटकनाशकांविरुद्धचा तो मोठा पुरावा ठरला. ती अंडी बहुतेक हौशी अंडीचोरांनी लहानपणापासून झाडांवर आणि कड्यांवर चढून पळवलेली होती. पण चोर शिस्तीचे निघाले. प्रत्येक अंड्यावर तारीख!

आपल्याकडे या उद्योगाची सुरुवात मुंबईत झाली आणि तीही फार गंभीरपणे झाली असं म्हणता येत नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्या आठांत सहा युरोपीय आणि दोन मराठी डॉक्टर. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. जमवलेले प्राणी ठेवायला जागा नव्हती, ती दिली फिप्सन या मद्यविक्रेत्याने, आपल्याच दुकानात. पुढची कित्येक वर्षं भारतातलं प्राणिशास्त्र दारूच्या दुकानातून चाललं आणि उत्तम चाललं. आमच्या संग्रहालयाला मात्र कधी चांगल्या शेजाराचा लाभ झाला नाही. एका बाजूला मुद्रांक विक्रेते, दुसऱ्या बाजूला नेत्र रुग्णालय.

त्या दुकानात, फिप्सनचा भागीदार आणि सोसायटीचा मानद चिटणीस मिलार्ड याच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात एक जिवंत धनेश होता. नाव विल्यम. तीस फुटांवरून फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत झेलायचा. एकदा तर पेटती सिगार गिळली आणि काही झालं नाही. सव्वीस वर्षं त्याने कचेरी सांभाळली आणि १९२० साली गेला. तारेचा तुकडा गिळल्यामुळे गेला अशी एक नोंद आहे. त्याच वर्षी मिलार्ड कायमचा इंग्लंडला परतला होता आणि विल्यमला ओळखणाऱ्या एका सहकाऱ्याने पुढे लिहून ठेवलं की मित्र गेल्याचं दुःख हेच खरं कारण असावं. ज्याला पेटती सिगार पचली त्याला तार कशी बाधेल, हा मुद्दा मलाही पटतो. आज सोसायटीच्या बोधचिन्हावर धनेश आहे आणि इमारतीचं नाव हॉर्नबिल हाउस. छायाचित्र लावलं जाण्यासाठी निवृत्त व्हावं लागतं, ही आमची समजूत विल्यमने खोटी ठरवली. त्याचं काम नोकरीतच झालं.

याच मिलार्डपुढे १९०८ साली एक बारा वर्षांचा मुलगा, मामाची चिठ्ठी आणि कागदाच्या पुडीत एक मेलेली चिमणी घेऊन उभा राहिला. छऱ्याच्या बंदुकीने त्यानेच पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली. मिलार्डने जात ओळखली आणि त्याला खणांमागून खण उघडून भरलेले पक्षी दाखवले. सलीम अली पक्ष्यांकडे वळले ते तिथून. आमच्या शिपायाच्या भाषेत सांगायचं तर त्या दिवशी बाहेर 'कुणीतरी मेलेलं घेऊन' आलं होतं. म्हणून मी खोकं घेऊन आलेल्या कुणालाही चहा दिल्याशिवाय परत पाठवलं नाही. त्यातला एकही सलीम अली निघाला नाही, पण चहाचं बिल मंजूर करून घेताना हे उदाहरण कामाला यायचं.

सलीम अलींची नोकरी म्हणजे या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी सावधगिरीची सूचना आहे. सरकारी प्राणिविज्ञान खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती, पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून मिळाली नाही. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग विभागात दरमहा ३५० रुपयांवर मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून लागले. दोन वर्षांत रजा काढून बर्लिनला गेले, स्ट्रेझमानसारख्या पक्षितज्ज्ञ गुरूकडे शिकले आणि १९३०मध्ये परतले तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. शिकून आलेल्या माणसासाठी जागा रद्द करून ठेवण्याची आपली परंपरा अशी जुनी आहे.

मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरणींची वसाहत बघत बसले. बघता बघता त्यांनी मराठी घरादारांत खळबळ उडावी असा शोध लावला, फक्त तो मराठी घरादारांपर्यंत अजून पोचलेला नाही. सुगरण ज्या घरट्यासाठी नावाजली जाते ते घरटं विणतो तिचा नवरा. बाई अर्ध्या विणकामावर येते, आत शिरते, ओढून बघते, झोके घेऊन बघते आणि पसंत नसेल तर निघून जाते. पसंत पडलं तर नवरा घाईघाईने घरटं पुरं करतो, तिला आत स्थिरस्थावर करतो आणि शेजारच्या फांदीवर दुसरं घरटं सुरू करतो, दुसरीसाठी. आमच्या कपाटात सुगरणीचं घरटं होतं. शाळेच्या सहलींना मी हे सगळं सांगायचो. शिक्षिका मान डोलवत ऐकायच्या आणि शेवटी मुलांकडे वळून म्हणायच्या, "बघा मुलांनो, सुगरणीने किती कष्टाने घरटं विणलंय!"

प्रेक्षकांचे प्रश्न एकूण तीनच. खरा आहे का, कोणी मारला आणि स्वच्छतागृह कुठे आहे. सर्वांत जास्त गर्दी वाघापाशी. सस्तन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाघ, हत्ती, गवा उभे राहतात. वास्तविक जगातल्या दर दहा सस्तन जातींपैकी चारेक उंदीर-खारींच्या कुळातल्या आणि दोनेक वटवाघळं. आमच्या विभागाचं खरं नाव 'उंदीर, वटवाघूळ व इतर' असायला हवं होतं. मी तसा प्रस्तावही दिला होता. प्रस्ताव अजून विचाराधीन आहे.

उंदरांवरून आठवलं. दर रविवारी निम्मं पुणं सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खातं. गडावरच्या घोरपडीची गोष्ट त्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. (घोरपड सरपटणाऱ्यांत मोडते, आमच्या विभागाकडे येत नाही.) पण त्याच गडावर मिश्रा आणि धांडा या संशोधकांना एक नवाच उंदीर सापडला आणि १९७५ साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं 'मिलार्डिया कोंडाना', हे भजी खाणाऱ्यांपैकी कुणाला माहीत असतं? कोंडाना कशावरून ते उघड आहे. मिलार्डिया कशावरून? तोच आपला खुर्चीमागे धनेश बाळगणारा मद्यविक्रेता. लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस या सस्तनतज्ज्ञाने १९११ साली उंदरांच्या एका वंशाला त्याचं नाव दिलं होतं. तानाजींच्या गडाशी फोर्टातल्या दारूच्या दुकानाचं नातं जुळलं ते असं, एका उंदरामार्फत.

नाव देण्याच्या बाबतीत शास्त्रज्ञ काही फार हिशोबी नसतात. १९४८ साली तमिळनाडूच्या डोंगरात एक फलाहारी वटवाघूळ पकडलं गेलं आणि नेहमीच्या एका जातीचं समजून मुंबईच्या संग्रहात ठेवून दिलं गेलं. चोवीस वर्षं ते खणात पडून होतं. १९७२ साली किट्टी थोंगलोंग्या या थाई तज्ज्ञाने ते हातात घेतलं, दात पाहिले आणि जाहीर केलं की ही नवी जातच नव्हे, वंशच नवा आहे. नाव दिलं 'लॅटिडेन्स सलीमअली'. जन्मभर पक्ष्यांमागे फिरलेल्या माणसाला सन्मान म्हणून वटवाघूळ! त्या चोवीस वर्षांत कितीजणांनी तो खण उघडून बंद केला असेल, याचा विचार मी आमच्या स्वतःच्या खणांसमोर उभा राहून नेहमी करत असे. आणि मग जेवायची सुट्टी व्हायची.

ते वटवाघूळ सापडू शकलं कारण त्याची चिठ्ठी शाबूत होती. उलटी गोष्ट ह्यूम साहेबांची. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी सिमल्यात जगातला आशियाई पक्ष्यांचा सर्वांत मोठा संग्रह जमवला आणि भारतीय पक्ष्यांवरच्या महाग्रंथाची हस्तलिखितं तयार केली. १८८४च्या हिवाळ्यानंतर घरी येऊन बघतात तर नोकराने सगळे कागद रद्दीत विकलेले. सिमल्याच्या बाजारात कुणाच्या शेंगदाण्यांना त्या पुड्या लागल्या असतील कोण जाणे. ह्यूमनी पक्ष्यांचा नाद सोडला, ८२ हजारांच्या घरातले नमुने १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसची स्थापना केली. रद्दीवाल्याला स्वातंत्र्यसैनिकांचं मानधन मिळायला हरकत नव्हती.

रद्दी परवडली, खोटी चिठ्ठी परवडत नाही. ह्यूमनीच १८७३मध्ये वर्णन केलेला रानपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची जेमतेम सात कातडी. १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या आय.सी.एस. अधिकाऱ्याने खानदेशात काही मिळवली होती आणि १८८४नंतर तो खात्रीने कुणाला दिसलाच नव्हता. अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्त्सहागेन या बड्या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाच्या संग्रहात एक कातडं होतं आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, तापी नदी, १९१४. साहजिकच शोधणारे गुजरातेत शोधत राहिले. पिंगळा काही मिळेना. मिळणार कसा? कर्नलसाहेबांची ख्याती अशी की न विचारता नमुने नेल्याबद्दल ब्रिटिश म्युझियमने त्यांना एकदा दीड वर्ष पक्षिदालनात पाय ठेवू दिला नव्हता. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी ते कातडं तपासलं. कातडं भरण्याची पद्धत माणसाच्या हस्ताक्षरासारखी असते, आणि हे हस्ताक्षर डेव्हिडसनचं निघालं. म्हणजे लंडनच्या खणातून उचललेला खानदेशी पिंगळा, कापूस बदलून, नवी चिठ्ठी बांधून!

रासमुसेन यांनी कर्नलची चिठ्ठी बाजूला ठेवली, डेव्हिडसनसारख्यांच्या खऱ्या चिठ्ठ्या पुढ्यात घेतल्या आणि दोन सहकाऱ्यांसह त्या त्या गावांना निघाल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात, निष्पर्ण झाडावर, भर उन्हात रानपिंगळा बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी. तो दिवसा वावरतो, लपतही नाही. पुढे तो तोरणमाळ, मेळघाट अशा बऱ्याच ठिकाणी सापडला. शहाद्याच्या आसपासच्या आदिवासी पाड्यांना तो हरवल्याचं कुणी कळवलं नव्हतं, हेही खरं.

मी निवृत्त झालो त्या दिवशी समारंभात शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी आल्यावर सौ.ने घड्याळाच्या मागे चिठ्ठी चिकटवली: ठिकाण, तारीख, 'मिळवले: स्वतः'.

तर वाचकहो, एवढीच विनंती. तुमच्या काचेवर एखादा पक्षी आपटून मेला, रस्त्यावर एखादं उदमांजर गाडीखाली सापडलेलं दिसलं, तर ते उचलून घरी आणू नका, जवळच्या वनखात्याच्या कचेरीला कळवा. पण कळवण्याआधी एका कागदावर गाव, जागा आणि तारीख लिहून ठेवा. तारीख म्हणजे आकड्यांत. 'परवा' चालणार नाही.